मनगटावर सॅटेलाइट, पायाखाली लालबाग

लालबाग-परळमध्ये ‘गोल्फ’ हा शब्द उच्चारून बघा. समोरून पहिला प्रश्न येतो, ‘कुठे, दुबईला?’ कोकणातून आलेल्या आपल्या घरांमध्ये ‘गल्फ’ हा शब्द जास्त ओळखीचा. कुणाचा तरी भाऊ, कुणाचा तरी जावई गल्फला असतोच. गोल्फला मात्र कुणीच नसतं!

पण चित्र बदललंय, बॉस. ज्या गिरण्यांच्या जागी आज काचेची ऑफिसं उभी आहेत, तिथे पंच मारणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्यांच्या इनबॉक्समध्ये वर्षातून एकदा तरी ते मेल टपकतंच. कंपनीचा ‘गोल्फ डे’. क्लायंटसोबत सकाळी सहाला नऊ होल, मग ब्रेकफास्ट. कॉलरवाला टी-शर्ट मस्ट, जीन्स चालणार नाही. मग डिपार्टमेंटमधले दोन-तीन अनुभवी खेळाडू दर दोन मिनिटांनी मनगटाकडे बघतात. सुरुवातीला वाटतं, यांना लोकल पकडायचीय की काय? नंतर कळतं, ते वेळ बघत नसतात. अंतर बघत असतात.

हेच ते गोल्फचं जीपीएस घड्याळ. फंडा तसा साधा आहे. घड्याळात जगभरातल्या हजारो कोर्सचे नकाशे आधीच भरलेले असतात. तुम्ही कुठे उभे आहात हे उपग्रह सांगतात, ग्रीन कुठे आहे हे नकाशा सांगतो आणि या दोन जागांमधलं अंतर मनगटावर तीन आकड्यांत उमटतं: ग्रीनची अलीकडची कड, मध्य आणि पलीकडची कड. बस्स! एवढ्यासाठी साधारण वीस हजारांपासून साठ-सत्तर हजारांपर्यंत मोजायचे. ईएमआय भरणाऱ्या माणसाने यावर विचार करायला हवा की नको?

मी केला. चांगले तीन रविवार केला. शोरूममध्ये बसून नाही, कारण एसी शोरूममध्ये जीपीएस घड्याळ बघणं म्हणजे दुकानातल्या आरशासमोर बूट घालून ट्रेकला जाऊन आलो असं समजणं. लोअर परळच्या एका मॉलमधला सेल्समन घड्याळ दारापर्यंतही न्यायला तयार नव्हता. (त्याचंही बरोबर आहे म्हणा.) शेवटी ऑफिसमधल्या एका सिनियरकडून त्याचं खास गोल्फचं घड्याळ आणि मावसभावाकडून त्याचं मॅरेथॉनवालं, पण गोल्फही जाणणारं घड्याळ उसनं घेतलं. डाव्या मनगटावर एक, उजव्यावर एक. आणि निघालो, गिरगाव ते लालबाग.

हिरवा ठिपका कुठाय?

आधी एक गोष्ट क्लिअर करू. मुंबईला गोल्फ नवा नाही. कोलकात्याचा क्लब १८२९ चा आणि आपला रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब १८४२ चा. म्हणजे बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १८५३ मध्ये, त्याच्याही अकरा वर्षं आधी इथले साहेबलोक छोट्या पांढऱ्या चेंडूमागे फिरत होते.

आजच्या नकाशावर वरून बघा. दक्षिण टोकाला कुलाब्याच्या नेव्ही नगरात समुद्राला खेटून युनायटेड सर्व्हिसेस क्लबचा कोर्स. मध्ये ताडदेव-हाजी अलीपाशी, रेसकोर्सच्या शेजारी विलिंग्डन. आणि पूर्वेला चेंबूरमध्ये १९२७ चा बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब. यातल्या विलिंग्डनची गोष्ट मला फार आवडते. त्या काळातल्या बड्या क्लबांमध्ये हिंदी माणसाला प्रवेश नव्हता. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांनी १९१८ मध्ये हा क्लब काढला तो हिंदी आणि युरोपियन, दोघांनाही खुला. दार सर्वांसाठी उघडायचं म्हणून निघालेला क्लब! आज तिथे सदस्य होणं किती कठीण, हे मुंबईकरांना वेगळं सांगायला नको.

मग आपल्यासारख्यांनी खेळायचं कुठे? एक रस्ता म्हणजे सदस्याचा पाहुणा होऊन. दुसरा, कंपनीच्या खर्चाने. तिसरा रस्ता खाडीपलीकडे जातो. सिडकोने खारघरच्या डोंगरात कोर्स उभारलाय, तिथे आधी चौकशी करून पैसे भरून खेळता येतं. म्हणजे बघा, दादरच्या माणसाला गोल्फ खेळायचा तर वाशीची खाडी ओलांडायची. घड्याळ घेण्याआधी हा हिशेब स्वतःशी करा. वर्षात किती वेळा?

यार्डाचं काय करायचं?

गोल्फ यार्डात चालतो, आणि आपण मीटरवाले. घाबरू नका. यार्ड तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे. क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची. १५० यार्ड म्हणजे एकामागोमाग एक अशा जवळजवळ सात खेळपट्ट्या. एवढ्या लांबून तो चेंडू, १०८ मिलिमीटर व्यासाच्या भोकाच्या आसपास पाडायचा. एका क्लबने मारलेला चेंडू आणि पुढच्या नंबरच्या क्लबने मारलेला चेंडू यांत साधारण दहा-बारा यार्डांचा फरक पडतो. म्हणून अंतर कळणं महत्त्वाचं. १४० आहे की १५० यावर सात नंबर काढायचा की आठ, हे ठरतं.

आता घड्याळ चुकतं किती? मोकळ्या आकाशाखाली चांगलं घड्याळ तीन-पाच मीटर इकडेतिकडे होतं. बावीस यार्डांच्या खेळपट्टीवर ही चूक भयंकर, दीडशे यार्डांवर चालून जाते. आणि मुळात ही सोय आपल्याला मिळाली ती अमेरिकेच्या मेहरबानीने. मे २००० पर्यंत अमेरिकन लष्कर सामान्यांसाठीचा सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडायचं. शंभर मीटरपर्यंत गडबड! तसल्या सिग्नलवर गोल्फ खेळलात तर चेंडू ग्रीनऐवजी शेजारच्या सोसायटीत. तो बिघाड बंद झाला आणि मग गाडीतल्या नकाशापासून पिझ्झावाल्यापर्यंत सगळ्यांचं नशीब फळफळलं.

गिरगावात घड्याळ गोंधळतं

सुरुवात चर्नी रोडला. स्टेशनबाहेर, चौपाटीच्या बाजूला, दोन्ही घड्याळांना अर्ध्या मिनिटात उपग्रह सापडले. समोर समुद्र, डोक्यावर आकाश, आणखी काय हवं? मग रस्ता ओलांडून आत शिरलो. ठाकूरद्वार, फणसवाडी, पुढे खोताची वाडी.

खोताची वाडी ज्यांनी पाहिली नाही त्यांनी आधी ती बघून या, घड्याळाचं नंतर बघू. लाकडी जिने, रंगवलेल्या गॅलऱ्या, दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने कडेला व्हायचं अशी गल्ली. जुन्या घरांची उंची बेताची, त्यामुळे उजव्या हातावरचं घड्याळ तिथे बऱ्यापैकी शहाण्यासारखं वागलं. खरी धमाल चार-पाच मजली चाळींच्या मधल्या बोळात. घरी येऊन फोनवर माग काढला तर डाव्या घड्याळाच्या म्हणण्यानुसार मी तीन बिऱ्हाडांच्या स्वयंपाकघरातून आरपार गेलो होतो. एका ठिकाणी तर भिंतीत दोन मिनिटं उभा!

याचं कारण मजेशीर आहे. उपग्रह साधारण वीस हजार किलोमीटर उंचीवर. तो सतत ओरडून सांगत असतो, ‘आत्ता इतके वाजले.’ तुमचं घड्याळ तो संदेश किती उशिरा पोचला ते मोजतं, त्यावरून उपग्रह किती लांब ते काढतं. असे किमान चार उपग्रह लागतात. तीन तुमची जागा सांगायला आणि चौथा तुमच्या घड्याळाची चूक पकडायला. रेडिओ लहरींचा वेग इतका की सेकंदाच्या एक अब्जांश भागात त्या सुमारे तीस सेंटिमीटर जातात. आता ही लहर सरळ न येता समोरच्या इमारतीवर आपटून तुमच्याकडे आली, तर वाटेत दहा-वीस मीटर जास्त चालली. घड्याळाला वाटतं, हा माणूस तिकडे उभा आहे. चाळीतही असंच असतं ना? पहिल्या मजल्यावरचं भांडण तिसऱ्यावर पोचेपर्यंत कुणी कुणाला मारलं तेच बदलतं.

महागड्या घड्याळात आता दोन फ्रिक्वेन्सी ऐकायची सोय असते. आपटून आलेली लहर ते जास्त चांगली ओळखतं. उजव्या मनगटावरच्या घड्याळात ती होती, डाव्यात नव्हती. गिरगावात फरक लख्ख दिसला. पण थांबा! गोल्फ गिरगावात खेळत नाहीत. गोल्फ खेळतात मोकळ्या मैदानावर, जिथे साधं घड्याळही खुशीत असतं. या एका सोयीसाठी दहा-पंधरा हजार जास्त मोजायचे का, याचं माझं उत्तर: फक्त गोल्फसाठी, नाही. रोज सकाळी इमारतींमधून पळत असाल, तर हो.

गिरगावातून मिसळ खाऊन मी भुयारी मेट्रो धरली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ही लाइन कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, तेव्हापासून गिरगाव-दादर हा प्रवास म्हणजे पोरखेळ. जमिनीखाली अर्थातच दोन्ही घड्याळं आंधळी. दादरला वर आल्यावर त्यांनी गिरगाव ते दादर अशी एक सरळ रेघ मारून मोकळी केली. मुंबई सेंट्रल, महालक्ष्मी, वरळी, सिद्धिविनायक, सगळं गायब!

कट्ट्यावरची परीक्षा

जीपीएस घड्याळ तपासायला या शहरात शिवाजी पार्कसारखी जागा नाही. १९२५ मध्ये हे मैदान लोकांसाठी खुलं झालं, तेव्हा नाव होतं माहीम पार्क. १९२७ मध्ये ते शिवाजी पार्क झालं. भोवतीच्या कट्ट्याची एक फेरी साधारण १.१७ किलोमीटरची, हे इथे पळणारा प्रत्येक जण तुम्हाला झोपेतही सांगेल. म्हणजे मोजपट्टी तयारच आहे.

दोन्ही घड्याळांनी तीन-तीन फेऱ्यांत बरोबर निकाल दिला, वीस-तीस मीटरच्या आत. मग मी मैदानात उतरलो. एका नेट प्रॅक्टिसवाल्या पोरांच्या टीमला विनंती केली आणि रिकाम्या खेळपट्टीच्या एका टोकाला उभा राहून दुसऱ्या टोकापर्यंत चाललो. बावीस यार्ड. डावं म्हणालं १९, उजवं म्हणालं २४. पोरं जाम हसली. एकाने विचारलं, ‘दादा, ह्याचे किती पैसे?’ मी किंमत सांगितली. तो म्हणाला, ‘एवढ्यात तर इंग्लिश विलोची बॅट येते.’ त्याचा मुद्दा मला पटला, पण मी शिवाजी पार्कच्या मातीत उभा होतो. तिथे बॅटविरुद्ध बोलणार कोण?

खऱ्या कामाची तपासणी वेगळीच निघाली. दुपारी बाराचं ऊन. मावसभावाच्या घड्याळाचा स्क्रीन मोबाइलसारखा, रंगीत, चकचकीत. शोरूममध्ये बघणारा खल्लास होईल असा. पण भर उन्हात आकडे वाचायला हात डोळ्यांजवळ आणून सावली धरावी लागली. सिनियरचं जुनं, काहीसं मळकट दिसणारं पडद्याचं घड्याळ मात्र जितकं ऊन जास्त तितकं स्पष्ट. त्या प्रकारच्या पडद्याला बाहेरचाच उजेड पुरतो, त्यामुळे बॅटरीही टिकते. अठरा होलचा एक राऊंड चार-साडेचार तास चालतो. चकचकीत स्मार्टवॉच दिवसभर नोटिफिकेशन दाखवून संध्याकाळी मान टाकतं. खास गोल्फचं घड्याळ दोन-तीन राऊंड सहज काढतं.

दुसरं म्हणजे घाम. मुंबईत ऑक्टोबरमध्ये टचस्क्रीन वापरणं म्हणजे ओल्या साबणाने लिफ्टचं बटन दाबणं. त्यात गोल्फमध्ये एका हातात ग्लोव्ह. साधी, दाबली की ‘टक’ होणारी बटनं असलेलं घड्याळ मला दहापट आवडलं. शोरूममध्ये हा मुद्दा कुणीही सांगत नाही.

आणि एक. काही घड्याळं चढ-उताराचा हिशेब करून ‘अंतर १४०, पण १४८ समजून मारा’ असं सांगतात. मस्त वाटतं. पण २०१९ पासूनच्या नियमांप्रमाणे स्पर्धेत अंतर मोजायला परवानगी आहे, उंचीतला फरक मोजायला नाही. त्यामुळे ही सोय बंद करता येते की नाही ते बघूनच पैसे द्या. नाहीतर कंपनीच्या टूर्नामेंटमध्ये बॉसला हरवाल आणि वर बाद व्हाल. डबल नुकसान! आणि हो, कोर्सचे नकाशे कायमचे फुकट आहेत की दरवर्षी वर्गणी भरायची, हे बॉक्सवरच्या बारीक अक्षरात शोधा.

परळचा काचेचा डोंगर

दादरहून परळ. केईएमच्या बाजूने खाली, मग लोअर परळ. एकेकाळी इथे चिमण्या होत्या, म्हणजे गिरण्यांच्या. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यातले बहुतेक परत आत गेलेच नाहीत. फिनिक्स मिलचा मॉल झाला, कमला मिलमध्ये ऑफिसं आणि हॉटेलं आली. हे सगळं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही त्यातल्याच कुठल्या तरी मजल्यावर बसून हे वाचताय.

इथल्या टॉवरखाली दोन्ही घड्याळांनी हात टेकले. काच म्हणजे आरसाच. उपग्रहाची लहर एका टॉवरवरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर. पाच मिनिटं एका जागी उभा राहून चहा प्यायलो, तेवढ्यात डाव्या घड्याळाने मला शंभरेक मीटर चालवलं. न हलता कॅलरी बर्न!

लालबाग: भोंगा आणि यार्ड

लालबागला मला एका माणसाला भेटायचं होतं. आमच्या जुन्या चाळीत तळमजल्याला राहणारे काका. आता सत्तरीला टेकलेत. पंचविशीत गिरणीत माग चालवायचे. संपानंतर दोन वर्षं फुटपाथवर भाजी विकली, मग गाववाल्याच्या ओळखीने एका क्लबात कॅडी म्हणून लागले. साहेबांच्या बॅगा वाहिल्या, वीस-बावीस वर्षं. आमच्या चाळीत गोल्फ कळणारा एकमेव माणूस, आणि हे मला कळलं ते गोल्फ डेचं मेल आईला वाचून दाखवल्यावर!

काका चिवडा गल्लीच्या तोंडाशी उभे होते. दोन्ही मनगटं बघून म्हणाले, ‘काय रे, एक बंद पडलं म्हणून दुसरं बांधलंस?’

मी सगळं समजावलं. त्यांनी सिनियरचं घड्याळ हातात घेतलं, वळवून बघितलं. मी ते गोल्फच्या मोडवर टाकलं आणि घड्याळाने लगेच जवळचा कोर्स म्हणून विलिंग्डनचं नाव पुढे केलं. लालबागच्या मसाल्याच्या दुकानांसमोर आम्ही दोघं उभे, तीनेक किलोमीटरवर तो कोर्स, आणि घड्याळ विचारतंय, राऊंड सुरू करू? काका खळखळून हसले. ‘ह्याला सांग, आधी सेक्रेटरीला विचार!’

मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. ‘वारा सांगतं का?’

‘महागातली काही सांगतात काका. फोनमधल्या हवामानावरून.’

‘म्हणजे सांताक्रूझचा वारा. ग्रीनवरचा नाही.’

आम्ही एका हॉटेलात चहाला बसलो. काका सांगत होते. कॅडीला पगार नाही. राऊंडची ठरलेली फी आणि वर साहेब देतील ते. पावसात कोर्स बंद, की कमाई बंद. पहिली दोन वर्षं ते रोज खेळ संपल्यावर कोर्सवर पावलं टाकत फिरायचे. एक पाऊल एक यार्ड, अशी चाल त्यांनी बसवून घेतली होती. या झाडापासून ग्रीन किती, त्या बंकरपासून किती, सगळं डोक्यात.

‘साहेब विचारायचे, किती? मी म्हणायचो, एकशे चाळीस आहे, पण एकशे पन्नासचं मारा. वारा समोरून आहे. त्या एकशे चाळीसचे पैसे नव्हते रे, ते कुणीही सांगेल. त्या वरच्या दहाचे पैसे होते.’

‘आणि आता?’

‘आता साहेब मनगटाला विचारतात. पोरं नुसती बॅग ओढतात. माझ्या ओळखीतले तिघे सोडून गेले. एक रिक्षा चालवतो.’

हे ते तक्रारीच्या सुरात बोलत नव्हते. मागच्या आयुष्यात एकदा यंत्र बंद पडल्यामुळे काम गेलं, पुढच्यांचं यंत्र चालू झाल्यामुळे गेलं, एवढंच. मला मात्र घड्याळाकडे बघवेना. मग मी विषय बदलला आणि घड्याळाचीच दुसरी गोष्ट सांगितली.

कारण या भागाचं आणि घड्याळाचं जुनं वैर आहे. मुंबई साधारण ७२.८ अंश रेखांशावर. दर अंशाला चार मिनिटं, म्हणजे ग्रिनिचच्या चार तास एक्कावन्न मिनिटं पुढे. हा होता ‘बॉम्बे टाइम’, सूर्याशी इमान राखणारा. १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांचा इंडियन स्टँडर्ड टाइम आला, एकोणचाळीस मिनिटं पुढचा. म्हणजे घड्याळात सहा वाजले तरी सूर्याच्या हिशेबाने पाच एकवीसच. त्याच जानेवारीत इथल्या काही गिरणी कामगारांनी नव्या वेळेविरुद्ध दगडफेक केली. अंधारात उठवून कामाला लावायची ही युक्ती आहे, असं त्यांना वाटलं. आणि त्यात चुकीचं काय होतं? शहर तर त्या एकोणचाळीस मिनिटांसाठी असं अडून बसलं की बॉम्बे टाइम सुटायला १९५५ उजाडलं.

‘आम्हाला कसला टाइम,’ काका म्हणाले. ‘भोंगा झाला की टाइम झाला. घरात घड्याळ नव्हतंच. भोंगा बंद झाला तेव्हा आईला भाकऱ्या कधी टाकायच्या कळेना.’

मी त्यांना म्हटलं, हे जीपीएससुद्धा मुळात भोंगाच आहे. वीस हजार किलोमीटरवरून वाजणारा. काकांना ते पटलं नसावं. ते बिल द्यायला उठले आणि मी त्यांना देऊ दिलं नाही, यावर आमची थोडी झटापट झाली.

मग घेतलंस का?

ऑफिसमध्ये सगळे हेच विचारतात. वर्षाला तीन-चार राऊंड खेळणाऱ्या माणसाने खास गोल्फचं घड्याळ घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत झालंय. फोनवर फुकटचं ॲप टाका, तेच तीन आकडे मिळतात. जो महिन्यातून दोनदा खारघरला जातो त्याने बिनरंगी पडद्याचं, बटनांचं, सगळ्यात खालचं मॉडेल घ्यावं, वरची मॉडेल्स बघूही नयेत. आणि जो रोज पळतो त्याने पळायचंच घड्याळ घ्यावं, गोल्फ त्यात बोनस. मी तिसऱ्या गटातला, म्हणून मावसभावाकडे आहे त्या जातीचं, पण मागच्या वर्षीचं मॉडेल सवलतीत घेतोय. वाचलेल्या पैशांचं एक ठरवलंय. गोल्फ डेला कॅडी घ्यायचा. ऑफिसच्या यादीत ‘कॅडी हवा का?’ असा रकाना असतो, आजवर आमच्या टीममध्ये तिथे कुणी टिक केलेलं मी पाहिलं नव्हतं. आणि आकडा आधी त्याला विचारायचा.

त्या दिवशी निघता निघता मी काकांना गळ घातली. गल्लीतल्या त्या फरसाणाच्या दुकानापासून पलीकडच्या निळ्या बोर्डापर्यंत किती? काकांनी डोळे बारीक केले. मधून हातगाडी गेली, दोन बायका मिरच्यांची पोती उचलून गेल्या.

‘एकशे साठ.’

मी चालत गेलो. डावं म्हणालं १५८, उजवं म्हणालं १७१, बहुधा शेजारच्या नव्या टॉवरने घात केला. परत येऊन दोन्ही आकडे सांगितले. काकांनी चिवड्याची पुडी उघडली, एक बकाणा मारला आणि समुद्राच्या दिशेला तोंड करून क्षणभर थांबले.

‘वारा समोरून आहे,’ ते म्हणाले. ‘एकशे सत्तरचं मार.’